बंद दारापुढची यात्रा

तीर्थयात्रेला निघालेल्या महाराष्ट्रीय माणसाचे सारे चित्त मूर्तीसमोरच्या एका क्षणावर खिळलेले असते. पंढरीच्या बारीत रात्रभर तिष्ठत उभा राहणारा भाविक आपल्या कष्टांचे मोल त्या अर्ध्या क्षणात वसूल झाले असे मानतो. आणि गर्दीमुळे तो क्षण हुकलाच, तर कळसाला हात जोडून तो समाधान मानून घेतो खरे, पण ते समाधान मानून घेतलेले असते हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. अशा संस्कारांत वाढलेल्या मनुष्याने जपानच्या शिकोकू बेटावरील अठ्ठ्याऐंशी बौद्ध मंदिरांच्या यात्रेची हकीकत ऐकली, म्हणजे त्याला पहिले आश्चर्य वाटते ते याचे, की त्यांतील पुष्कळ मंदिरांत मुख्य देवतेचे दर्शन मुळी होतच नाही. मूर्ती असते, तिची नित्य पूजाअर्चा होते, ती कोणाची हे लहान मुलालाही माहीत असते. परंतु ती देव्हाऱ्याच्या मिटलेल्या दारांआड असते, आणि ती दारे कोठे वर्षातून एखाद्या दिवशी, तर कोठे कित्येक दशकांनी एकदा उघडतात. अशा गुप्त मूर्तीला जपानी लोक ‘हिबुत्सु’ म्हणतात. तिच्यापुढे कधी आपल्याकडील उत्सवमूर्तीसारखी एक दुसरी मूर्ती मांडलेली असते, कधी तीही नसते. यात्रेकरू अंधाऱ्या गाभाऱ्याच्या दिशेने हात जोडतो, सूत्र म्हणतो आणि पुढच्या मंदिराची वाट धरतो. सुमारे बाराशे किलोमीटर चालूनही ज्याच्यासाठी चालायचे तो दिसणारच नसेल, तर हा मनुष्य चालतो कशासाठी, ही जिज्ञासा त्या यात्रेची वाट, तिचे आचार आणि तिचा इतिहास पाहू लागल्यावरच थोडीफार शमते.

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी शिकोकू हे सर्वांत लहान. आवा, तोसा, इयो आणि सानुकी असे चार जुने मुलूख त्यात होते. त्यांचेच आज तोकुशिमा, कोची, एहिमे आणि कागावा हे चार जिल्हे झाले आहेत. मध्यभागी दाट अरण्याचे डोंगर आणि भोवती समुद्र अशी या भूमीची ठेवण असल्यामुळे वस्ती बहुतेक किनाऱ्याच्या पट्टीत आहे, आणि यात्रेची वाटही त्या पट्टीला धरून, अधूनमधून डोंगरात शिरून, बेटाला संपूर्ण प्रदक्षिणा घालते. पायी चालणाऱ्याला चाळीस ते पन्नास दिवस लागतात. मंदिरांना क्रमांक आहेत, पण पहिले मंदिर श्रेष्ठ आणि शेवटचे श्रेष्ठतर असा काही प्रकार नाही. कोठूनही आरंभ करावा, वर्तुळ पुरे करावे, एवढाच दंडक. परंपरेने मात्र या चार मुलखांना साधनेचे चार टप्पे मानले आहे. आवात चित्त जागे होते, तोसात त्याची तपश्चर्या घडते, इयोत बोधी आणि सानुकीत निर्वाण. तोसाच्या वाट्याला तपश्चर्या आली, हे ज्या कोणी ठरवले त्याने तो किनारा स्वतः तुडवलेला असला पाहिजे.

या वाटेचा अधिष्ठाता म्हणजे कूकाई, ज्याला मरणोत्तर कोबो दाइशी ही पदवी मिळाली. सानुकीत, आज पंचाहत्तरावे मंदिर झेन्त्सू-जी जेथे उभे आहे तेथे, इ. स. ७७४ मध्ये त्याचा जन्म झाला. राजधानीतील विद्यापीठात चिनी अभिजात ग्रंथांचे अध्ययन करून सरकारी हुद्दा मिळवण्याचा राजमार्ग त्याच्यापुढे मोकळा होता. तो सोडून हा तरुण रानावनात आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राचे पुरश्चरण करीत हिंडू लागला, आणि आवातील ताइर्यू पर्वत व तोसातील मुरोतोचे भूशिर ही त्या तपाची दोन स्थळे त्याने स्वतःच आपल्या पहिल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहेत. इ. स. ८०४ मध्ये तो राजदूतांच्या जहाजातून चीनला गेला. छांगआन नगरीत हुइग्वो या आचार्याने त्याला गुह्य बौद्ध संप्रदायाची दीक्षा दिली. या हुइग्वोचा गुरू अमोघवज्र आणि अमोघवज्राचा गुरू वज्रबोधी, हा दक्षिण हिंदुस्थानातून समुद्रमार्गे गेलेला पंडित. शिवाय त्याच नगरीत प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे कूकाईने संस्कृताचे धडे घेतले. म्हणजे विद्येची ही वंशावळ तीन-चार पिढ्यांतच आपल्या दारापाशी येऊन पोहोचते. इ. स. ८०६ मध्ये परतल्यावर त्याने जपानात शिंगोन, म्हणजे मंत्राचा, संप्रदाय स्थापिला. ८१६ मध्ये कोया पर्वतावर मठासाठी सम्राटाची अनुज्ञा मिळवली. आणि ८२१ मध्ये स्वतःच्या प्रांतातील मान्नो-इके या फुटलेल्या मोठ्या तलावाच्या दुरुस्तीवर देखरेख केली. तो तलाव आजही शेतीला पाणी पुरवतो. इ. स. ८३५ मध्ये त्याचे देहावसान झाले असे इतिहास म्हणतो. त्याचे अनुयायी मात्र म्हणतात की तो समाधिस्थ झाला असून अजून कोया पर्वतावरच बसला आहे.

अठ्ठ्याऐंशी मंदिरे कूकाईने स्वतः इ. स. ८१५ च्या सुमारास प्रतिष्ठापित केली अशी श्रद्धा आहे, आणि त्या हिशेबाने २०१४ मध्ये यात्रेचा बाराशेवा उत्सवही साजरा झाला. इतिहासाचा दाखला मात्र वेगळा आहे. बाराव्या शतकापासून शिकोकूच्या किनाऱ्याने फिरणाऱ्या तपस्वी भिक्षूंचे उल्लेख सापडतात. सामान्य माणसाची यात्रा, तिचे क्रमांक आणि तिची वाट हे सारे रूढ झाले ते सतराव्या शतकात, आणि त्यातही शिन्नेन नावाच्या एका भटक्या साधूमुळे. त्याने १६८७ मध्ये एक वाटाड्या पुस्तक छापले, ज्यात कोणत्या मंदिरापासून कोणते किती अंतरावर, नदी कोठे ओलांडावी, मुक्कामाला जागा कोण देईल, असा रोकडा तपशील होता, आणि वाटेवर जागोजाग दिशादर्शक दगडही उभे केले. पहिल्या क्रमांकाचा मान र्‍योझेन-जी या मंदिराला मिळाला याचे कारणही असेच व्यावहारिक दिसते, की ओसाकाकडून पडावातून येणारा मनुष्य जेथे उतरे तेथून ते जवळ होते. योगायोग असा, की त्या मंदिराचे नाव राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावरून ठेवलेले आहे.

यात्रेकरूला तिकडे ‘हेन्रो’ किंवा आदराने ‘ओहेन्रो-सान’ म्हणतात. तो पांढरा अंगरखा घालतो, गळ्यात एक अरुंद पट्टा, हातात जपमाळ, डोक्यावर गवती टोपले, खांद्याला झोळी आणि हातात काठी घेतो. या वेषात शोभेचे काहीही नाही. पांढरा रंग हा तिकडे प्रेताला घालण्याच्या वस्त्राचा. म्हणजे जो निघाला तो आपले कफन अंगावर घालूनच निघाला. काठीच्या वरच्या टोकाला पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश अशा पाच महाभूतांचा छोटा स्तूप कोरलेला असतो, कारण वाटेत मेलेल्याला पुरल्यावर त्याची काठी हाच त्याच्या थडग्याचा स्तंभ होत असे. मात्र तीच काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी, अशी दुसरी भावनाही तिला चिकटलेली आहे. अंगरख्यावर आणि टोपल्यावर ‘दोग्यो निनिन’ अशी अक्षरे असतात. दोघे मिळून चाललो आहोत, एक मी आणि एक दाइशी, असा त्यांचा भाव. म्हणून मुक्कामाला पोहोचताच यात्रेकरू स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचे टोक धुतो आणि तिला खोलीत मानाच्या जागी उभी करतो. पुलावरून जाताना तो काठी टेकवीत नाही, कारण इयोमधील ओझू गावी कोणी आसरा न दिल्यामुळे दाइशींनी एक रात्र पुलाखाली काढली अशी कथा आहे, आणि न जाणो, या पुलाखालीही ते निजले असतील! हा नियम आज सहापदरी रस्त्याच्या काँक्रिटच्या पुलावरही पाळला जातो.

मंदिरातला आचार ठरलेला आहे. महाद्वारात वाकून नमस्कार, कुंडावर हात धुऊन चूळ भरणे, घंटेचा एक टोल. आणि हा टोल येताना द्यायचा, जाताना दिला तर अशुभ. मग मुख्य मंदिरापुढे एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, पेटीत नाणे, दुसऱ्या पेटीत आपले नावगाव लिहिलेली कागदी चिठ्ठी, आणि नंतर प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचा पाठ. तेवढे झाले की आवारातच असलेल्या दाइशींच्या देवळापुढे तेच सारे पुन्हा, अखेरीस दाइशींच्या नामाचा जप. प्रत्येक मंदिरात अशी दोन देवळे, म्हणजे पुरी यात्रा करणारा मनुष्य हे सूत्र किमान एकशे शहात्तर वेळा म्हणतो. ह्युएनत्संगाने केलेल्या चिनी भाषांतराचे जपानी उच्चारांतले हे पठण बहुतेक पाठकांना शब्दशः कळत नाही, आणि कळले पाहिजे असा कोणाचा आग्रहही दिसत नाही. शेवटचा मंत्र तेवढा भाषांतर न करता संस्कृत ध्वनींतच ठेवलेला आहे. ज्या देवतांपुढे हा पाठ चालतो त्यांची जपानी नावे ऐकून आपण बुचकळ्यात पडतो, पण यांतला याकुशी म्हणजे भैषज्यगुरू, जिझो म्हणजे क्षितिगर्भ, दाइनिची म्हणजे महावैरोचन, आणि ज्वाळांच्या प्रभावळीत खड्ग व पाश घेऊन बसलेला उग्र फुदो म्हणजे अचलनाथ. त्याच्यापुढे समिधा जाळून जो विधी होतो त्याचे नाव ‘गोमा’, म्हणजे आपला होम. दाइहो-जी आणि ताइसान-जी या मंदिरांतली मुख्य देवता अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. हे रूप भारतात अतिशय विरळ, आणि त्याचे एक जुने उदाहरण मुंबईच्या वेशीवर, कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात, दगडात कोरलेले आहे. कान्हेरीत सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जण त्याच्यापुढे थबकतात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

चिठ्ठीची गोष्ट थोडी अधिक सांगण्याजोगी आहे. पूर्वी ती लाकडाची किंवा धातूची असे आणि यात्रेकरू ती मंदिराच्या खांबाला खिळ्याने ठोकून टाकीत. त्रेपन्नावे मंदिर एन्म्यो-जी येथे १६५० सालची एक तांब्याची पट्टी शिल्लक आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार यांच्यामुळे ती विसाव्या शतकात प्रसिद्धीस आली. लाकडी इमारतींची ही चाळण थांबावी म्हणून पुढे कागद आला. या कागदाच्या रंगावरून यात्रेकरूचा दर्जा कळतो: पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत पांढरा, मग हिरवा, आठव्यापासून तांबडा, पंचविसाव्यापासून रुपेरी, पन्नासाव्यापासून सोनेरी, आणि शंभर फेऱ्या पुऱ्या करणाऱ्याला जरीच्या कापडाची चिठ्ठी. अहंकार सोडायला निघालेल्या माणसांनी फेऱ्यांची अशी बढती-परंपरा लावून घ्यावी, हे पाहून हसू येते. पण ती जरीची चिठ्ठी कोणी दिली तर ताईत म्हणून जपून ठेवणारे लोक वाटेवर भेटतात, तेव्हा त्या हसण्याला आवर घालावा लागतो.

मूर्ती दिसत नाही, मग मंदिरात गेल्याची खूण काय? ती मिळते मंदिराच्या दफ्तरात. पूर्वी सूत्राची स्वहस्ते नक्कल करून ती देवाला वाहिल्याची पोच म्हणून जो शिक्का मिळे, त्याचीच ही आजची अवस्था आहे. यात्रेकरू आपली वही पुढे करतो. दफ्तरातला मनुष्य कुंचल्याने, डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच, देवतेचे नाव आणि मंदिराचे नाव झोकदार अक्षरात लिहितो, आणि त्यावर तीन सिंदुरी शिक्के उमटवतो. त्या अक्षरांत कधी देवतेचे बीजाक्षर असते. ते सिद्धम् लिपीत, जी आपल्या नागरीच्या भावकीतली आहे. याचे शुल्क पुष्कळ वर्षे ३०० येन होते, ते २०२४ पासून ५०० येन झाले, म्हणजे अठ्ठ्याऐंशी मंदिरांचे ४४,००० येन. दुसऱ्या फेरीत तीच वही चालते. नवे अक्षर काढीत नाहीत, फक्त जुन्या पानावर पुन्हा शिक्के मारतात, त्यामुळे वीस-तीस फेऱ्या झालेल्या माणसाच्या वहीत शाई कोठे दिसतच नाही, सगळे पान रक्तवर्ण झालेले असते. मरणानंतर ही वही पेटीत बरोबर ठेवतात. दफ्तर संध्याकाळी पाचला बंद होते, आणि त्यामुळे चालणाऱ्याचा जीव अखेरच्या चढणीवर पाचाच्या ठोक्यात अडकलेला असतो. तो धापा टाकीत पोहोचावा, आणि पुढे बसच्या वाटाड्याने चाळीस प्रवाशांच्या चाळीस वह्यांची थप्पी मेजावर मांडलेली असावी, हा प्रसंग या वाटेवरच्या माणसांच्या बोलण्यात वारंवार येतो. क्षमेचा अभ्यास करण्यास इतकी सोयीची जागा दुसरी नसेल.

आता वाटेविषयी. पहिली दहा मंदिरे योशिनो नदीच्या खोऱ्यात अशी जवळजवळ आहेत, की नवशिक्याला ही यात्रा फार सोपी वाटू लागते. अकराव्या फुजिइ-देराहून बाराव्या शोसान-जीला जाणारी डोंगरवाट हा भ्रम दूर करते. तिच्यासारख्या चढणींना लोकांनी ‘हेन्रो-कोरोगाशी’, यात्रेकरूला गडगडवणारी, असे नाव दिलेले आहे. तेविसाव्या मंदिरापासून चोविसावे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर दूर, मुरोतोच्या टोकावर. दोन-तीन दिवस डाव्या हाताला महासागर आणि उजव्या हाताला डोंगराची भिंत, मध्ये मोटाररस्ता. मंदिर नाही, मूर्ती नाही, शिक्का नाही. भूशिराजवळ समुद्राने कोरलेली एक गुहा आहे, जेथून बाहेर पाहिले असता आकाश आणि पाणी याखेरीज काही दिसत नसे. तेथे बसून कूकाईने तप केले असे सांगतात. पुढे सदतिसाव्या मंदिरापासून आशिझुरीच्या टोकावरील अडतिसाव्यापर्यंतचे अंतर ऐंशी किलोमीटरांहून अधिक, संपूर्ण वाटेतील सर्वांत मोठे. वाचकाचा असा समज होऊ देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, की ही सारी वाट देवदारांच्या छायेतून जाते. बहुतांश वाट आज डांबरी आहे, आणि त्यात लांबलचक बोगदे आहेत, ज्यांत मालमोटारींच्या गडगडाटात काठीवरची छोटी घंटाही ऐकू येत नाही. उंचीचा कळस सहासष्टाव्या उन्पेन-जीला, ९११ मीटरवर. तेथे जाण्यास आता पाळणा आहे, आणि चालणाऱ्याने मान वर करून त्या पाळण्याकडे पाहावे हेही तपश्चर्येतच जमा.

पूर्वीच्या काळी या वाटेवर पाऊल टाकण्यास परवाना लागे. तोकुगावा अमलात शेतकऱ्याला गाव सोडून हिंडण्याची मोकळीक नव्हती. तीर्थयात्रा हे सुटकेचे एक मान्य निमित्त होते, आणि गावच्या मुखत्याराने किंवा कुलमंदिराने दिलेला दाखला प्रत्येक नाक्यावर दाखवावा लागे. त्या दाखल्यांतला मजकूर वाचण्यासारखा असे. अमुक गावचा अमुक इसम यात्रेस निघाला आहे, त्यास वाट द्यावी, रात्र झाल्यास आसरा द्यावा. आणि तो वाटेत मेल्यास तुमच्या मुलखातील रिवाजाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, इकडे कळवण्याची तसदी घेऊ नये. तोसाच्या सरकारचा बंदोबस्त सर्वांत कडक. पूर्वेला कान्नोउरा आणि पश्चिमेला मात्सुओची खिंड, एवढ्या दोनच चौक्यांतून यात्रेकरूने आत-बाहेर करावे, ठराविक मुदतीत मुलूख ओलांडावा, वाट सोडून इकडे तिकडे फिरू नये, असा हुकूम होता. सरकारची भीती निराधार नव्हती. ज्यांना परत जायला घर उरले नव्हते असेही पुष्कळ लोक पांढरे वस्त्र घालून या वर्तुळात शिरत: दुष्काळाने उठलेले, कर्जाने बुडालेले, आणि विशेषतः महारोगाने गावाबाहेर काढलेले. वर्तुळाला शेवट नाही, ही गोष्ट धडधाकट माणसाला तत्त्वज्ञान वाटते. त्यांना ती पोटाची सोय होती. भिक्षा मागत ते फेऱ्यांवर फेऱ्या घालीत आणि एके दिवशी कोठेतरी पडत. वाटेच्या कडेला शेवाळलेले लहान दगड दिसतात, त्यांपैकी कितीतरी अशांची थडगी आहेत, आणि ती बांधली त्या त्या गावच्या लोकांनी, ज्यांना दाखल्याने तसदी न घेण्यास सांगितले होते त्यांनी.

येथेच या यात्रेच्या मर्माशी आपण येऊन पोहोचतो, असे मला वाटते. मंदिरांची संख्या, त्यांचे संप्रदाय, त्यांची स्थापत्ये यांची चर्चा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. परंतु ही वाट जिने चारशे वर्षे जिवंत ठेवली ती शिकोकूच्या साध्या गृहस्थांची ‘ओसेत्ताइ’ ही रीत होय. यात्रेकरू दिसला की त्याला काहीतरी द्यायचे: संत्री, भाताचे लाडू, चहा, मोज्यांचा जोड, शंभर येनचे नाणे, रात्रीपुरती पडवी. देणाऱ्याची भावना ही, की हे मी दाइशींनाच देत आहे, आणि मला यात्रा करता येत नाही ती माझ्यावतीने हा करील. म्हणून घेणाऱ्याने नाही म्हणायचे नसते. त्याने हात जोडून स्वीकारावे आणि आपल्या नावाची चिठ्ठी मोबदला म्हणून द्यावी. अशा चिठ्ठ्या गवताच्या पोत्यात भरून घराच्या आढ्याला टांगून ठेवण्याची जुनी चाल होती. त्याने घराचे रक्षण होते. समुद्रापलीकडच्या किइ प्रांतातील गावांनी तर यासाठी मंडळ्याच स्थापन केल्या. वसंत ऋतूत त्या बोटीतून सामान घेऊन येत आणि पहिल्या मंदिरापाशी यात्रेकरूंना वाटीत. नर्मदेची परिक्रमा केलेल्या मराठी माणसाला तिच्या काठच्या सदावर्ताची येथे आठवण झाली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

देण्याचा हा धर्म मोडला तर काय होते, याची कथा प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक असते. इयोतील एमोन साबुरो या धनाढ्य माणसाने दारी आलेल्या एका भिक्षूला हाकलले; भिक्षू पुन्हा पुन्हा येत राहिला तेव्हा त्याचे भिक्षापात्र हिसडून फोडले, त्याचे आठ तुकडे झाले. पाठोपाठ त्याची आठही मुले एकामागून एक दगावली. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते हे कळल्यावर साबुरो क्षमा मागण्यासाठी त्यांच्या मागे निघाला, वीस वेळा बेटाला प्रदक्षिणा घातली, भेट काही होईना. एकविसाव्या खेपेला तो उलट दिशेने निघाला आणि शोसान-जीच्या पायथ्याशी मरणोन्मुख होऊन पडला, तेव्हा दाइशी समोर उभे राहिले. पुढल्या जन्मी इयोच्या सरदारकुळात जन्म मिळावा असे त्याने मागितले. दाइशींनी त्याच्या मुठीत एक दगड ठेवला. पुढे त्या कुळात मिटलेल्या मुठीचे मूल जन्मले, आणि मूठ उघडली तेव्हा आत साबुरोच्या नावाचा दगड निघाला. तो दगड मात्सुयामा शहरातील इशिते-जी या एक्कावन्नाव्या मंदिरात ठेवलेला आहे. दगडाच्या सत्यासत्यतेत शिरण्याचे कारण नाही. माणसाला देवतेची गाठ पडली ती कोणत्याही मंदिरात पडली नाही, डोंगराखालच्या रस्त्यावर पडली, ही त्या कथेतली खूण अधिक महत्त्वाची वाटते. बंद दारांपुढून समाधानाने निघून जाणारा यात्रेकरू कदाचित याच भरवशावर चालत असावा.

ही यात्रा अखंड सुखाने चालत आली असेही नाही. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध दैवतांची ताटातूट करण्याचा हुकूम काढला. त्या धामधुमीत कित्येक मंदिरे मोडली, जमिनी गेल्या, मूर्तींना दुसऱ्यांच्या घरी आश्रय घ्यावा लागला. तिसाव्या मंदिराची तर अशी वाटणी झाली, की झेनराकु-जी आणि आनराकु-जी अशी दोन मंदिरे पुढे कित्येक वर्षे एकाच क्रमांकावर हक्क सांगत राहिली. त्या वादाचा निकाल १९९४ मध्ये लागला आणि क्रमांक झेनराकु-जीकडे राहिला. त्याच पडत्या काळात नाकात्सुका मोहेइ नावाचा एक मनुष्य तरुणपणी घर सोडून या वाटेवर आला आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत चालतच राहिला. त्याच्या फेऱ्या २८० भरल्या, आणि त्याने उभे केलेले दोनशेहून अधिक दिशादर्शक दगड अजून वाट दाखवतात. १९१८ मध्ये ताकामुरे इत्सुए ही चोवीस वर्षांची तरुणी कुमामोतोहून निघून यात्रेला आली आणि आपले अनुभव तिने वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केले. पुढे ती जपानी स्त्रियांच्या इतिहासाची नामांकित अभ्यासक झाली. आणि १९५३ मध्ये मात्सुयामाच्या इयो रेल्वे कंपनीने यात्रेकरूंसाठी पहिली बस सोडली. त्या दिवसापासून यात्रेचे लोकशाहीकरण झाले म्हणा किंवा सोपीकरण झाले म्हणा. आज बहुतेक लोक बसने किंवा स्वतःच्या मोटारीने दहा-बारा दिवसांत वर्तुळ पुरे करतात, पायी जाणारे थोडे. गुडघे गेलेल्या म्हातारीने बसने जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. फक्त एवढे खरे, की बसच्या खिडकीतून ओसेत्ताइ देता येत नाही आणि घेताही येत नाही.

अंधाराचा एक अनुभव मात्र सर्वांना सारखाच मिळतो. कूकाईच्या जन्मस्थानी, झेन्त्सू-जीच्या दाइशी-मंदिराखाली, सुमारे शंभर मीटर लांबीची एक भुयारी वाट आहे. तेथे दिवा नाही. डावा हात भिंतीवर ठेवून दाइशींचे नाम घेत पुढे सरकायचे. भिंतीवर चित्रे आहेत म्हणतात, ती हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

अठ्ठ्याऐंशीवे मंदिर ओकुबो-जी डोंगरात आहे, आणि तेथे पुष्कळ जण आपली काठी ठेवून जातात. त्या काठ्या पुढे होमात अर्पण होतात. काही लोक तेथून पुन्हा पहिल्या मंदिरापर्यंत चालत जाऊन वर्तुळ सांधतात. त्यानंतर समुद्र ओलांडून कोया पर्वतावर कृतज्ञतेची भेट देण्याचा प्रघात आहे. तेथील ओकुनोइन या स्थानी, प्रचंड देवदारांखाली पसरलेल्या स्मशानभूमीच्या टोकाला, दाइशींची समाधी आहे, आणि त्यांच्यासाठी दिवसातून दोन वेळा अन्नाचे ताट वाजतगाजत नव्हे तर अगदी मुकाट्याने नेले जाते. याच पर्वतावरील कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला आणि त्याचे अनावरण महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केले. त्यामुळे इकडील बौद्ध बांधवांपैकी जे जपानला जातात त्यांची पावले आता कोयाकडे वळू लागली तर नवल नाही. मात्र विहारात त्रिशरण आणि पंचशील म्हणण्याची सवय असलेल्यांना तेथील मंत्र, मुद्रा आणि होम यांचा पसारा परका वाटण्याचा संभव आहे. तो गुह्य संप्रदायाचा पसारा आहे हे आधी ठाऊक असलेले बरे.

जाणाऱ्याने वसंत किंवा शरद ऋतू धरावा. जून-जुलैचा पाऊस आणि त्यामागून येणारी तुफाने डोंगरवाटेला घातक असतात. शाकाहारी माणसाने विशेष तजवीज ठेवावी, कारण माशाचा अर्क जपानी रश्श्यात न विचारता पडतो. मंदिरांच्या धर्मशाळांतून कोठे कोठे शाकाहारी जेवण मिळते, पण आधी कळवावे लागते, आणि पोहोचायचेही वेळेवर. सगळी यात्रा एका दमात झाली पाहिजे असा नियम नाही. सुट्टी मिळेल तेव्हा एकेक मुलूख उरकणारे जपानी नोकरदार पुष्कळ आहेत. आणि ज्यांना साबुरोसारखे उलट दिशेने जायचे असेल त्यांनी लीप वर्ष गाठावे, कारण त्या वर्षी उलट्या फेरीचे पुण्य अधिक मानतात. पुढचे लीप वर्ष २०२८. खुणेचे बहुतेक दगड सुलट चालणाऱ्यासाठी लावलेले असल्यामुळे उलट जाणारा वाट चुकतो फार, आणि त्या वर्षी मुक्कामाच्या जागाही लवकर भरतात.